कॉर्डलेस मशीनचा सेट घेण्याआधी घराची भिंत ठोकून बघा

खिडकीवर पडद्याचा रॉड लावायचा होता. सहा एमएमची चार भोकं, एवढंच काम. कॉर्डलेस ड्रिल नवं कोरं होतं, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली. पहिला सेंटिमीटर बिट (मशीनला लावायची भोक पाडणारी सळी) लोण्यात शिरावा तसा आत गेला, कारण ते प्लास्टर होतं. मग तो जागच्या जागी फिरायला लागला. भोकातून पावडर पडायची थांबली. बिटाचं टोक निळं-काळं पडलं, बिट धरणाऱ्या जबड्याला, म्हणजे चकला, बोट लावलं तर चटका बसला आणि दोन भोकं अर्धवट असतानाच बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला. आदल्याच दिवशी याच मशीनने शेजारच्या भिंतीत देवघराच्या फळीसाठी सहा भोकं पाच मिनिटांत पाडली होती.

मशीनमध्ये काही दोष नव्हता. दाराच्या आणि खिडकीच्या डोक्यावर लिंटेल असतं, म्हणजे सळया घालून ओतलेलं काँक्रीट. पडद्याचा रॉड नेमका तिथेच येतो. म्हणजे आपल्याकडच्या घरात सगळ्यांनाच करावं लागणारं काम हेच मशीनसाठी सगळ्यात अवघड काम आहे. आणि मशीन घेताना हे कुणी सांगत नाही. बोलणं होतं ते सेट किती पीसचा यावर. १०० पीसच्या सेटमध्ये मशीन एकच असतं, बाकी बिट, स्क्रू धरायला भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या, टेप आणि एक डिसमिस.

म्हणून माझं सांगणं असं आहे की सेट निवडताना दोन प्रश्न आधी सोडवा. तुमचं घर कशाचं बांधलंय? आणि पुढची दहा वर्षं तुम्ही कुठल्या बॅटरीच्या घरात नांदणार? मशीन कुठली आणि किती, हे त्यानंतर आपोआप ठरत जातं.

भिंत काय सांगते

बोटाच्या पेराने भिंत ठोकली की थोडा अंदाज येतो, पण खरी ओळख पटते ती पहिल्या भोकातून पडणाऱ्या पावडरीवरून. प्लास्टर संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी मऊ भुकटी आली तर सिपोरेक्स, म्हणजे हलके एएसी ब्लॉक. करडी बारीक धूळ थोडीशी आली आणि मग काहीच येईना, तर काँक्रीट. कोकणातल्या जुन्या घरात तांबडी, खरखरीत माती पडते, तो जांभा.

विटेच्या भिंतीला साधं हॅमर ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणारं, पुरतं. सिपोरेक्समध्ये तर हॅमर बंदच ठेवायचा. नुसत्या फिरण्यानेही भोक पडतं, हॅमर लावला तर ते पसरट होतं आणि गिट्टी सैल बसते. जांभ्यातही भोक सोपं, पण दगड सच्छिद्र असल्यामुळे गिट्टी लांब घ्यावी लागते. खरी अडचण काँक्रीटची. पूर्वी ते कॉलम, बीम आणि लिंटेलपुरतं होतं. आता पुण्या-मुंबईच्या कितीतरी नव्या टॉवरमध्ये माइव्हन पद्धतीचं बांधकाम असतं. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. अशा घरात बाहेरची, आतली, जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची असते. तुमचा फ्लॅट माइव्हनचा असेल, तर बाजारात मिळणारे बहुतेक 'होम सेट' भिंतीच्या कामाला तुमच्या उपयोगाचे नाहीत.

का नाहीत, ते समजून घेण्यासारखं आहे. साध्या हॅमर ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. दाते एकमेकांवरून उड्या मारतात आणि बिट पुढे-मागे थरथरतो. मिनिटाला हजारो ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका. त्यात जोर येतो तो तुमच्या खांद्यातून. रोटरी हॅमरची रचना वेगळी. त्यात एक दट्ट्या हवा दाबतो, त्या दाबलेल्या हवेने आतला लोखंडी ठोकळा उडून बिटाच्या बुडावर आदळतो. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका हातोडीचा. माणसाने फक्त मशीन सरळ धरायचं, रेटायचं नाही. याचे बिटही वेगळे असतात. शेपटीला खाचा असलेले, एसडीएस प्लस नावाचे, दाबले की कट्‌ आवाज करून बसणारे. लिंटेलमधलं तेच सहा एमएमचं भोक रोटरी हॅमरने मधे सळई आडवी आली नाही तर दहा-पंधरा सेकंदांत पडतं.

ठोक्याची ताकद ज्यूलमध्ये लिहिलेली असते. वायरच्या दोन किलोच्या वर्गातल्या रोटरी हॅमरला साधारण २ ते ३ ज्यूल असतात. खोक्यावर ज्यूल लिहिलेले नसतील आणि नुसते 'मिनिटाला इतके हजार ठोके' असतील, तर ते साधं हॅमर ड्रिल आहे असं समजायला हरकत नाही.

चंद्रावरही हाच प्रश्न आला होता. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी तिथल्या जमिनीत भोकं पाडायला नेलेलं ड्रिल बॅटरीवर चालणारं होतं आणि फिरता फिरता ठोके मारणारं होतं. तरीही चंद्राच्या घट्ट बसलेल्या मातीने त्यांना दमवलं. कॉर्डलेस ड्रिलचा शोध त्या मोहिमेसाठी लागला असं बरेच जण सांगतात, ते मात्र खरं नाही. ब्लॅक अँड डेकरने बॅटरीचं ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं, निकेल-कॅडमियम सेलवर चालणारं. आज आपण वापरतो त्या लिथियम-आयन बॅटरीची मोठी मशीन यायला २००५ उजाडलं.

बॅटरी: आकड्यांमागचं गणित

बॅटरीच्या डब्यात आत बोटाएवढे गोल सेल असतात. नेहमीचा सेल १८ एमएम जाड आणि ६५ एमएम लांब, म्हणून त्याचं नाव १८६५०. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. असे पाच सेल एकामागे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट होतात आणि पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे एक कंपनी '१८ व्होल्ट' लिहिते, दुसरी '२० व्होल्ट मॅक्स', तिसरी '२१ व्होल्ट', आणि तिघींच्या डब्यात पाचच सेल असतात. २० वालं मशीन १८ पेक्षा दांडगं असेल म्हणून जास्त पैसे मोजू नका. तीन सेलांचे १०.८ व्होल्ट होतात, ते '१२ व्होल्ट' म्हणून विकले जातात.

आता ऑनलाइन दिसणारी '४८ व्होल्ट', '८८ व्होल्ट' अशी स्वस्त मशीन. ती पारखायची एक सोपी युक्ती आहे. चार्जर उलटा करा आणि मागच्या पट्टीवर 'आउटपुट'समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे २१ व्होल्ट असेल तर २१ भागिले ४.२, म्हणजे आत पाच सेल. मशीनवर ८८ छापलेलं असो की १२८. खोक्यावर काहीही छापता येतं, चार्जरला मात्र खरं बोलावं लागतं, नाहीतर बॅटरी जळेल.

व्होल्टनंतरचा आकडा एएच, म्हणजे अँपिअर-अवर. व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार केला की वॉट-अवर निघतात, आणि बॅटरीत काम किती भरलंय ते तोच आकडा सांगतो. १८ व्होल्ट, २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. ४ एएच म्हणजे ७२. साधारणपणे २ एएचच्या बॅटरीत सेलची एकच ओळ असते आणि ४ किंवा ५ एएचच्या बॅटरीत दोन. दोन ओळी असल्या की भार वाटला जातो, त्यामुळे तेच मशीन मोठ्या बॅटरीवर जास्त वेळ तर चालतंच, पण जोरही जास्त लावतं. करवतीला किंवा रोटरी हॅमरला २ एएच लावून 'मशीन दम खातंय' अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

याच हिशोबाने ग्राइंडर बघा. फरशी किंवा लोखंड कापताना चार इंची ग्राइंडर ६०० वॉट सहज खातो. ३६ वॉट-अवरची बॅटरी त्याला जेमतेम साडेतीन मिनिटं पुरेल, ७२ ची सात. एक कडप्पा कापायला घेतला तर अर्ध्यात चार्जिंगला बसावं लागेल. ग्राइंडर आणि मार्बल कटर घरासाठी वायरचाच घ्या. कमी पैशांत वर्षानुवर्षं टिकतो, मोटरमधले कार्बन ब्रश झिजले की कोपऱ्यावरचा मिस्त्रीही बदलून देतो.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बॅटरी एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही. एकदा एका बॅटरीचं मशीन घेतलं की पुढचं प्रत्येक मशीन त्याच घराण्यातलं घ्यावं लागतं. आणि 'त्याच कंपनीची' एवढंही पुरत नाही. बॉशची हिरवी मशीन घरगुती वापराची आणि निळी व्यावसायिकांची. दोन्हीकडे १८ व्होल्ट आहेत, पण हिरव्याची बॅटरी निळ्याला लागत नाही. मकिटाच्याही १२ आणि १८ व्होल्टच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या. म्हणून पहिलं ड्रिल घेण्याआधी त्या बॅटरीवर आणखी काय काय चालतं याची यादी वाचा. जिगसॉ (वळणदार कापणारी करवत) आहे का, सँडर (लाकूड घासायचं मशीन) आहे का, रोटरी हॅमर आहे का? बागेची कात्री, ब्लोअर, व्हॅक्यूम? ड्रिल सगळ्यांकडेच असतं, तिसरं-चौथं मशीन शोधायची वेळ आली की घराण्याची श्रीमंती कळते.

यादी मोठी असली की पुढची खरेदी स्वस्त पडते, कारण मशीन बॅटरीशिवाय नुसतंच घेता येतं. बॉश त्याला 'सोलो' म्हणतं, मकिटाच्या मॉडेल नंबरच्या शेवटी 'झेड' असतो. ऑनलाइन किंमत बघून 'एवढं स्वस्त!' वाटलं तर आधी ते अक्षर शोधा. खोकं उघडल्यावर बॅटरी नाही म्हणून चिडलेले ग्राहक बहुतेक इथेच चुकलेले असतात.

मग घ्यायचं काय

बारा की अठरा? भाड्याचं घर असेल, विटेची किंवा सिपोरेक्सची भिंत असेल, फर्निचर जोडणं, बिजागऱ्या घट्ट करणं, फ्रेम लावणं एवढीच कामं असतील, तर १२ व्होल्टचं ड्रिल-ड्रायव्हर, म्हणजे भोकही पाडणारं आणि स्क्रूही फिरवणारं मशीन, उत्तम. हलकं असतं, कपाटाच्या आत हात घालून वापरता येतं, आणि घरातली सगळी माणसं ते उचलतात. जड मशीन कपाटावर चढून बसतं आणि मग एकाच माणसाचं होऊन राहतं. पण लाकूडकाम मनात असेल, टेबल, बाक, कुत्र्याचं घर असं काही बनवायची हौस असेल, तर सरळ १८ घ्या. करवत आणि सँडर १२ वर फार ओढाताण करून चालतात.

पहिलं मशीन ड्रिल-ड्रायव्हर, यात दुमत नाही. त्याच्या मानेवर आकडे लिहिलेली एक कडी असते. बहुतेक घरांत ती कडी विकत घेतली त्या दिवशी जिथे होती तिथेच असते, आणि मशीनमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. ती क्लच. आकडा लहान, तर थोडा अडथळा आला की चक कटकट करत घसरतो आणि स्क्रू फिरवणं थांबवतो. आकडा मोठा, तर जास्त जोर लावून मग थांबतो. शेवटचं ड्रिलचं चिन्ह म्हणजे क्लच बंद, पूर्ण जोर. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं दार डोळ्यासमोर आणा. १८ एमएमचा प्लाय, त्यात बिजागरीचा १६ एमएमचा स्क्रू. ड्रिलच्या चिन्हावर ठेवून तो फिरवला तर स्क्रू बसतो आणि थांबत नाही, अर्धा फेरा जास्त फिरतो आणि प्लायमधले आटे कुरतडून टाकतो. दार तेव्हा नीट दिसतं. दोन महिन्यांनी लोंबायला लागतं. तेच ३ किंवा ४ वर सुरुवात करून, स्क्रू पूर्ण बसत नसेल तर एकेक आकडा वाढवत गेलं, की डोकं बिजागरीला टेकताक्षणी कटकट होते आणि काम तिथेच थांबतं. पडलेलं भोक प्लायमध्ये परत भरता येत नाही, काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल घालून दिवस काढावे लागतात.

टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. त्यात सॉफ्ट आणि हार्ड असे दोन आकडे असतात. लाकडात स्क्रू हळूहळू आवळत जातो तो सॉफ्ट, लोखंडावर एकदम अडतो तो हार्ड. खोक्यावर ठळक छापतात तो बहुधा हार्ड, कारण तो मोठा असतो. दोन मशीनची तुलना करताना दोघांचा एकच आकडा धरा. घरातल्या लाकूडकामाला सॉफ्ट २० च्या आसपास असला तरी भागतं.

ब्रशलेस हवं का? कार्बन नसलेली मोटर कमी तापते आणि तेवढ्याच बॅटरीत जास्त काम करते. करवत, रोटरी हॅमर अशा भुकेल्या मशीनला ब्रशलेसचे पैसे वसूल होतात. महिन्यातून दोनदा हातात येणाऱ्या ड्रिलला कार्बनवालं मशीनही चालेल, वाचलेल्या पैशांत दुसरी बॅटरी येते. दुसरी बॅटरी हवीच. एकाच बॅटरीचा सेट म्हणजे चार्जिंग संपेपर्यंत भिंतीकडे बघत बसणं.

'इम्पॅक्ट' या शब्दाने दुकानात फार घोळ होतो. इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे वरचं हॅमर ड्रिलच, पुढच्या दिशेने ठोके मारतं, ते भिंतीसाठी. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरण्याच्या दिशेने ठोके मारतो, तो लांब स्क्रू लाकडात घालायला आणि गंजलेले स्क्रू काढायला. त्याने भिंत फुटत नाही. इम्पॅक्ट रेंच गाडीच्या नटांसाठी. मागताना काम सांगा, नुसतं 'इम्पॅक्ट द्या' म्हणू नका. सेटमध्ये ड्रिलच्या जोडीला इम्पॅक्ट ड्रायव्हर येत असेल आणि लाकूडकाम करणार असाल, तर जोडी चांगली आहे. एकात बिट आणि एकात स्क्रूचं टोक लावून ठेवलं की हात थांबत नाही.

तिसरं मशीन काम सांगेल तेव्हाच घ्या. प्लाय गोलाकार कापायचा असेल तर जिगसॉ. आठ बाय चारची शीट सरळ उभी कापायची तर सर्क्युलर सॉ, पण नवख्या हाताने आधी प्लायच्या दुकानातून कापून आणावी, बरेच दुकानदार सांगितलेल्या मापात कापून देतात. जुनी दारं, खुर्च्या घासायच्या असतील तर सँडर. आणि काँक्रीटच्या भिंतींसाठी वायरचा रोटरी हॅमर. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे तो आहे आणि माझं लिंटेल शेवटी त्यांच्याच मशीनने फोडलं. एका इमारतीला असा एक पुरतो. वर्गणी काढून घेतला आणि ऑफिसात ठेवला तर तीस घरांची सोय होते.

बाहेरून मागवताना, आणि मे महिन्यात

भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तिथे सेट स्वस्त मिळतो, आणायला सांगू का, असं बरेच जण विचारतात. मशीन आणि बॅटरी चालतील, चार्जर चालेलच असं नाही. अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टच्या विजेसाठी असतो, आपल्याकडे २३० येते. पट्टीवर १०० ते २४० लिहिलं नसेल तर तो इथे लावू नका, त्याच बॅटरीचा चार्जर इथेच विकत घ्या. सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. वरचं गणित इथे उपयोगी पडतं. १८ व्होल्ट, ५ एएच म्हणजे ९०, चालेल. ६ एएच म्हणजे १०८, विमान कंपनीला आधी विचारावं लागेल.

लिथियमच्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. चार्जिंगसाठी साधारण ४० अंश ही वरची मर्यादा समजा. नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये सावलीतला पारा त्याच्याही वर जातो, त्यामुळे तिकडे उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे चार्ज करा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका. कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी निवू द्या. पूर्ण उतरेपर्यंत वाट बघायची गरज नाही, ती सवय जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळची. महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर निम्मी भरलेली ठेवा. आणि संपली की कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यांच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

कॉर्डलेसचा एक फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भिंतीत वायर कुठून गेली असेल याची शंका असेल तर घराचा मेन स्विच बंद करून भोक पाडता येतं. वायरच्या मशीनला ते शक्य नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचंच नाही, वायरचे पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात. बाथरूमच्या मागच्या भिंतीत नळाची रेघ धरून दोन्ही बाजूंना हात राखून काम करा. काँक्रीट फोडताना गॉगल आणि चांगला मास्क लावा, ती करडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

खरेदीला शक्य असेल तर प्रत्यक्ष दुकानात जा, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. मशीनला बॅटरी लावून हातात धरा, डोक्याच्या वर उचलून मिनिटभर तसंच ठेवा. चकमध्ये लांब बिट लावून अगदी हळू फिरवायला सांगा आणि टोकाकडे बघा, ते एका जागी फिरलं पाहिजे, गोल गोल भटकायला नको. तुमच्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. वॉरंटी मशीनची वेगळी आणि बॅटरीची वेगळी असते, बॅटरीची बहुतेकदा कमी. बिलावर मशीनच्या नंबराबरोबर दोन्ही बॅटऱ्यांचे नंबरही लिहून घ्या.